एक प्यादे जास्त, उंट विरुद्ध रंगांचे: हत्ती राखावेत की मारून टाकावेत?

मूळ मांडणी

बुद्धिबळात विरुद्ध रंगांचे उंट (एकाचा फक्त पांढऱ्या, दुसऱ्याचा फक्त काळ्या घरांवर चालणारा) आणि प्रत्येकी एक हत्ती उरला की एका प्याद्याने पुढे असलेले अनेक खेळाडू घाईने हत्तींची मारामारी, म्हणजे हत्तीला हत्ती अशी अदलाबदल, करतात आणि माझ्या मते जिंकण्याजोगा डाव तिथेच बरोबरीत घालवतात. नुसते उंट उरले की बचाव करणारा आपला राजा मोकळ्या प्याद्यासमोर (ज्याला पुढे जाताना विरोधी प्यादे अडवू शकत नाही असे प्यादे), स्वतःच्या उंटाच्या रंगाच्या घरावर आणून बसवतो आणि तिथून त्याला हुसकावणे आपल्या उंटाला कधीच जमत नाही. दोन प्यादी जास्त असूनही असे डाव अनेकदा बरोबरीत सुटतात. हत्ती मात्र दोन्ही रंगांच्या घरांवर मारा करतो. पांढऱ्याचा उंट सी४ वर आणि हत्ती सातव्या ओळीत असेल, तर एफ७ या पांढऱ्या घरावरचे प्यादे काळ्याच्या उंटाला राखताच येत नाही, त्यामुळे त्याचा राजा किंवा हत्ती त्या एका प्याद्यापाशी जखडून पडतो.

प्रतिसाद १

पूर्ण असहमत. आपण वर्णिलेले शस्त्र दोघांच्याही हातात असते. काळ्याचा उंट डी४ वर आणि हत्ती दुसऱ्या ओळीत आला, तर एफ२ राखायला आपला उंटही तितकाच निरुपयोगी ठरतो. अशा स्थितीत एक जादा प्यादे नव्हे, तर पुढाकार कोणाकडे आहे हे महत्त्वाचे असते. शिवाय मोकळी प्यादी दोन असून ती एकमेकांपासून दूर असतील, तर हत्ती मारणेच योग्य, कारण एकटा उंट दोन्ही बाजू सांभाळू शकत नाही. लिनारेस १९९८ या स्पर्धेत ग्रँडमास्टर टोपालोव्हविरुद्ध ग्रँडमास्टर शिरोव्हने नुसत्या उंटांचाच शेवट (डावाचा अंतिम टप्पा) जिंकला होता.

धागालेखकाचे उत्तर

तो डाव माझीच बाजू मांडतो. दोन प्यादी जास्त असूनही राजाला ई४ वर वेळेत पोहोचवण्यासाठी शिरोव्हला ४७व्या चालीत एच३ वर चक्क उंट द्यावा लागला. एकाच जादा प्याद्यावर असा विजय कुठून मिळणार? एफ२ची भीती मात्र खरी आहे, परंतु ते प्यादे वेळीच एफ३ या पांढऱ्या घरावर नेले, तर काळ्याचा उंट त्यावर मारा करू शकत नाही.

प्रतिसाद २

एफ३ खेळल्याने प्यादे वाचते, राजासमोरची काळी घरे मात्र आणखी उघडी पडतात. विरोधी हत्ती आधीच दुसऱ्या ओळीत शिरला असेल, तर मी अर्ध्या गुणावर समाधान मानून हत्ती मारीन.