कोरडी आणि लगेच चुरचुरणारी त्वचा: रोज नक्की काय लावावं? मदत हवी आहे

वाशिष्ठी:

नमस्कार. मी चिपळूणची. तिथं थंडीतही हवेत ओल असते, त्यामुळे आंघोळीनंतर अंगाला काही लावायची कधी वेळच आली नाही. आता नोकरीमुळे वाघोलीजवळ राहते. सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळून येतं. साबणाला फेस येत नाही, नळांवर पांढरा थर बसतो. दिवाळी सरली की माझं अंग उलायला लागतं. पोटरीवर नखानं रेघ ओढली तर पांढरी उमटते. गालांवर आणि नाकाच्या कडेला पापुद्रे निघतात, तोंड धुतलं की कातडी ओढल्यासारखी होते, आणि वर काहीही लावलं तरी चुरचुरून गाल लाल होतात.

वय 36, मुरुमं नाहीत. थायरॉईड तपासून घेतलंय, ठीक आहे. सकाळी सव्वासहाला स्कार्फ गुंडाळून स्कूटरवर निघते, नंतर दिवसभर एसी.

सध्या अंगाला चंदनाच्या वासाचा साबण, चेहऱ्याला फेस येणारा फेसवॉश, मग जेलसारखं मॉइश्चरायझर आणि व्हिटॅमिन सी सीरम. रविवारी डाळीचं पीठ आणि साय. सासूबाई म्हणतात दूध-हळद लाव, ऑफिसातली मैत्रीण म्हणते 10 टक्क्यांचं नायासिनामाइड घे. एका मेडिकलवाल्यानं न विचारताच एक ट्यूब दिली होती. ती लावली की दोन दिवसांत गाल गुळगुळीत होतात, आणि थांबवली की आधीपेक्षा जास्त लाल. अधूनमधून लावणं चालूच आहे. ट्यूबवर बीटामेथासोन लिहिलंय.

मला दहा वस्तूंची यादी नकोय. यातलं काय बंद करू, काय ठेवू आणि कशावर काय लावू, एवढं कळलं तर खूप होईल. महिन्याला सहा-सातशे रुपये खर्च करू शकते. काकू गावाहून मुठेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) पाठवते, ते चेहऱ्याला चालेल का? आणि नळाला फिल्टर लावून उपयोग होतो का?

रानमोगरा:

वाशिष्ठीताई, मेडिकलच्या काउंटरमागे माझी बरीच वर्षं गेली आणि माझी त्वचाही तुमच्यासारखीच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी त्या ट्यूबबद्दल. बाकी सगळं नंतर. बीटामेथासोन हे स्टेरॉइड आहे. योग्य आजारात, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवसांपुरतं ते उत्तम औषध आहे. पण चेहऱ्याची कातडी मुळात पातळ, त्यावर ते असं येत-जात लावलं की ती आणखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात आणि मलम थांबवलं की लाली उसळून येते. मग माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. तुमचं वर्णन वाचून मला हीच शंका येतेय. अशी अनेक स्टेरॉइड मलमं 2018 मध्ये सरकारनं परिशिष्ट एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी सर्रास मिळतात, आणि याचा मला मनापासून राग येतो. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाच. किती दिवस, किती वेळा लावलं ते मोकळेपणानं सांगा. एकदम थांबवायचं की हळूहळू, हे त्यांनाच ठरवू दे.

आता रोजचं. सीरम, बेसन, दूध-हळद, नवीन नायासिनामाइड, सगळं सध्या बाजूला ठेवा. या गोष्टी वाईट आहेत असं नाही. पण त्वचेचा वरचा थर फाटलेला असताना काहीही आत शिरतं आणि झोंबतं. बेसन तर चोळून काढावं लागतं, म्हणजे सुटत आलेल्या पापुद्र्यांबरोबर चांगली कातडीही खरवडली जाते.

साबण बदला. नेहमीच्या साबणाचा पीएच 9-10 च्या आसपास असतो आणि निरोगी त्वचेचा साधारण 5. शिवाय तुमच्याकडच्या जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो. तो बादलीला बसतो तसा अंगावरही राहतो. मेडिकलमध्ये ‘सिंडेट बार’ (साबणासारखी दिसणारी, पण बिनसाबणाची वडी) मागा किंवा सेटाफिलसारखं बिनसाबणाचं क्लीन्झर. त्यांचा असा साका होत नाही. बार घेतलात तर स्वस्त पडतो. तोही काखा, जांघा आणि पावलांपुरताच लावा, हातापायांना रोज गरज नसते. सकाळी चेहरा नुसत्या पाण्यानं, संध्याकाळी क्लीन्झरनं. पाणी कोमट, कढत अजिबात नको.

मॉइश्चरायझर मात्र सढळ हातानं, आणि अंग पंच्यानं टिपून ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत. घटकांत ग्लिसरीन आणि सेरामाइड बघा. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, सेरामाइड हे त्वचेच्या स्वतःच्या स्निग्धांशापैकी मुख्य. तुमचं जेल दमट हवेत बरं असतं, पुण्याच्या डिसेंबरात पुरत नाही, क्रीमच हवं. पूर्ण अंगाला एका वेळी 30 ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणून 50 ग्रॅमच्या सुंदर डब्या घेऊ नका, पंपाची मोठी बाटली घ्या. ‘फ्रेग्रन्स फ्री’ लिहिलंय ना ते बघा. नुसतं ‘अनसेंटेड’ असेल तर वास झाकायला सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं.

रात्री क्रीमवर, जिथं पापुद्रे आहेत तिथं, साध्या पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर. त्वचेतून उडून जाणारं पाणी अडवण्यात तिच्या तोडीचं क्वचितच काही असेल, आणि ती फार कमी लोकांना झोंबते. युरिया असलेलं क्रीम टाचांसाठी छान, पण भेगा उघड्या असतील तर आग होईल. चेहऱ्याला ते सध्या नको.

मुठेल टाचांना आणि ओठांना बिनधास्त लावा, कोकणातल्या बायका पिढ्यान् पिढ्या लावत आल्यात. चेहऱ्यावर मात्र आधी जबड्याखाली थोडंसं, आठवडाभर. अंगाला खोबरेल चालेल. साध्या कोरड्या त्वचेवर ते खनिज तेलाइतकंच उपयोगी पडल्याचं 2004 च्या एका चाचणीत दिसलं होतं. ऑलिव्ह तेल नको, ते वरच्या थराची वीण सैल करतं.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घ्या, ते कमी चुरचुरतं. आपल्या रंगावर पांढरट दिसतं, म्हणून टिंटेड मिळालं तर बघा. सगळं एकाच दिवशी सुरू करू नका. आधी क्लीन्झर आणि क्रीम, आठवड्यानं सनस्क्रीन. काही झोंबलं तर दोषी कोण ते कळेल.

आणि तो स्कार्फ! सुती घ्या, डिटर्जंट कमी टाका, कंफर्टसारखं सुगंधी काही नको, दोनदा खळबळून काढा. गालावर तासभर घासला जातो तो.

सह्यकडा:

फिल्टरबद्दल माझं मत. नळाला किंवा शॉवरला लावायची छोटी फिल्टरं गाळ अडवतात, काही क्लोरीनही कमी करतात. क्षार काढत नाहीत. त्यासाठी सॉफ्टनर लागतो, तो महाग. इंग्लंडमध्ये एक्झिमा असलेल्या मुलांच्या घरी सॉफ्टनर बसवून पाहिले होते. 2011 मध्ये निष्कर्ष आला, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा फायदा काही दिसला नाही. पैसे क्रीमवर खर्च करा. रानमोगरा यांनी सांगितल्याप्रमाणे साबण बदलणं जास्त कामाचं.

वाशिष्ठी:

दोघांचेही मनापासून आभार. ट्यूबबद्दल वाचून धस्स झालं, पण कोणीतरी स्पष्ट सांगितलं हे फार बरं वाटलं. शनिवारी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. सिंडेट बार आणि मोठी बाटली आजच आणली, दोन्ही मिळून बजेटच्या थोडं वर गेलं, पण बाटली दीड-दोन महिने चालेल असं वाटतं.

एक विचारायचं राहिलं. शनिवारी जाताना चेहऱ्यावर काही लावून जाऊ का? आणि तोपर्यंत ती ट्यूब?

रानमोगरा:

बाटलीचा हिशेब जरा बदला. दिवसातून दोनदा पूर्ण अंगाला लावलंत तर ती आठवड्या-दोन आठवड्यांतच संपेल. बजेट सांभाळायचं तर ते क्रीम चेहरा, हात आणि पोटऱ्यांना ठेवा, बाकी अंगाला ओलसर असताना खोबरेल.

त्या सकाळी चेहरा नुसत्या पाण्यानं धुवून जा, म्हणजे त्यांना खरी लाली दिसेल. ट्यूबबद्दल शनिवारपर्यंत थांबू नका, आजच दवाखान्यात फोन करून विचारा. रोज लावत असाल तर हे नक्की सांगा. आणि घरातली झाडून सगळी क्रीमं, ट्यूबा, साबणाचं वेष्टनसुद्धा पिशवीत घालून न्या. नावं तोंडी सांगताना गोंधळ होतो.