कोविडच्या दुसऱ्या लाटेत ॲडमिट जास्त कोण झालं?

प्रश्न: इंदूरकर मंडळी, एप्रिल 2021 मध्ये घरातले पाचही पॉझिटिव्ह, ॲडमिट फक्त काका. वय 62, शुगर-बीपी दोन्ही. असं का?

उत्तर: मी तेव्हा कोविड वॉर्डात नर्स होते. ॲडमिट होणारे जास्त करून साठीपुढचे, त्यात पुरुष जास्त, अन् बहुतेकांना शुगर, बीपी, किडनी, वजन यातलं काहीतरी असायचं. एक आजोबा तर ऑक्सिजन 82, ओठ निळे, अन् पोह्यांवर जीरावन (इंदुरी मसाला) नाही म्हणून कुरकुर! दम लागल्याचं जाणवतच नाही काहींना.

दुसरं उत्तर: तरुणही होते हो, माझा भाऊ 34 चा, आजार काही नाही, तरी आठ दिवस ऑक्सिजनवर.

प्रश्नकर्ता: काकांची शुगर स्टेरॉइडनं 400 वर गेलेली.

नर्सताई: होते तशी. ब्लॅक फंगसवाल्यांतही शुगरवालेच जास्त होते.