लिहायला लागलात तेव्हा काय अडलं, काय सुटलं?

लिहावंसं वाटतं पण धीर होत नाही, असं सांगणारे बरेच भेटतात. म्हणून हा धागा. स्वतःवर गुदरलेलं लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. पहिलं लिखाण कुळथाच्या पिठीवर होतं. "पाणी अंदाजाने, मीठ चवीपुरतं" लिहून मोकळी झाले. एकीने विचारलं, "ताई, पीठ आधी गार पाण्यात कालवायचं की उकळत्या पाण्यात वैरायचं? माझ्या गुठळ्या होतात." जन्मभर मी गार पाण्यातच कालवत आले, पण ते सांगायचं असतं हे सुचलंच नव्हतं. आता लिहून झालं की 'त्यात काय सांगायचं' असं वाटलेल्या जागा आधी शोधते.

सांगलीहून : मी 1962 साली चौथीत होतो. तोवर हात 'नांव', 'कांहीं', 'केलें' असाच वळलेला. त्याच वर्षी मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 14 नियम आले, 1972 साली आणखी 4. ते अनुस्वार गेले, माझ्या हातातून मात्र गेले नाहीत. पहिल्याच लेखावर एका मुलाने अशा चुकांची यादी दिली. रात्री राग आला, सकाळी पाहिलं तर त्याचं बरोबर होतं. ते 18 नियम छापून टेबलावर ठेवलेत. पण लेख पुरता होईपर्यंत कागद पालथा असतो. प्रत्येक वेलांटीला थांबलो तर वाक्य हातचं जातं.

टंकायचाही एक अनुभव. 'पायऱ्या'मधला ऱ्या जमेना, तेव्हा 'पाय-या' असं मधे आडवी रेघ देऊन भागवायचो. दिसायला चालून जातं, पण शोधताना 'पायऱ्या' लिहिलं की माझाच लेख सापडेना! युनिकोडमध्ये या ऱ साठी वेगळं अक्षर आहे. तुमच्या कळफलकावर ते कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी शोधा.

नाशिकहून : थेट संकेतस्थळाच्या लिहायच्या खिडकीत लिहू नका. वीज गेली आणि दोन तासांचं लिखाण गेलं. आता आधी फोनच्या नोंदवहीत.

वडोदऱ्याहून : आमच्या घरच्या मराठीत गुजरातीची मिसळण आहे. "ही कुठली मराठी?" असं कुणीतरी विचारलं आणि मी सहा महिने काही लिहिलं नाही. मग आजीच्या उत्तरायणाच्या आठवणी लिहिल्या. पतंगाच्या मांजाला काच लावायची तिची रीत तिच्याच शब्दांत, जशी ती बोलायची तशी. त्यावर तिघांनी आपापल्या आज्यांबद्दल लिहिलं. प्रमाण मराठी मी शिकतेच आहे, पण आजीच्या तोंडी ती घालणार नाही. नवीन लोकांना कळकळीने सांगते, घरची बोली पुसून लिहू नका.

पुण्याहून : मी नवीनच आहे. आजोबांच्या सायकलच्या दुकानावर एक परिच्छेद लिहिलाय. फार साधा आहे. टाकू का, ताई?

(धागाकर्ती) : टाक रे. आणि ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून आजोबा पंक्चर कसं शोधायचे, तेवढं सावकाश लिही.

पुण्याहून : बुडबुडा आला की तिथे ते काडीने खूण करायचे. हे लिहायचं राहिलंच होतं. घालतो आणि रात्री टाकतो.