शाळेच्या टीमचा ‘क्रुसेडर’ बदलतोय. माजी विद्यार्थ्यांशी कसं बोलावं?

पीटी_टीचर

नमस्कार मंडळी. मी मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका ख्रिस्ती शाळेत पीटी शिकवते. आमच्या सगळ्या टीमना पहिल्यापासून ‘क्रुसेडर्स’ म्हणतात, म्हणजे मध्ययुगात जेरुसलेम मुसलमानांकडून घ्यायला धर्मयुद्धावर निघालेले युरोपातले ख्रिस्ती शिपाई. मैदानाच्या भिंतीवर चिलखत घातलेला घोडेस्वार आहे, ढालीवर लाल क्रूस, उजव्या हातात उगारलेली तलवार. पाऊस सरला की दरवर्षी पेंटर येऊन त्याच्यावर रंगाचा नवा हात मारून जातो. स्पोर्ट्स डेला दहावीतला एखादा उंच मुलगा थर्माकोलचं शिरस्त्राण घालून, छातीला चंदेरी कागदाचं चिलखत बांधून मार्च पास्टच्या पुढे चालतो आणि केजीची पिल्लं त्याच्याशी हात मिळवायला रांग मोडून धावतात.

या वर्षी मॅनेजमेंटने तो बदलायचं ठरवलं. कुणाचीही तक्रार आली नव्हती. आमचे प्रिन्सिपल फादर स्टाफ मीटिंगमध्ये म्हणाले, “फुटबॉल टीममधली निम्मी मुलं मुसलमान आहेत. छातीवर हा शिपाई लावून खेळतात आणि एक शब्द बोलत नाहीत. ती बोलतील याची वाट आपण का बघायची?” मला हे शंभर टक्के पटलं. मग इतिहासाच्या टीचरनी सनावळी सांगितली. १०९५ साली पोप अर्बन दुसरे यांनी या धर्मयुद्धाची हाक दिली. वाटेवरच, १०९६ मध्ये, ऱ्हाईन नदीकाठच्या ज्यू वस्त्या कापून काढल्या गेल्या. १०९९ च्या जुलैत जेरुसलेम पडलं आणि आतल्या मुसलमानांची आणि ज्यूंची कत्तल झाली. त्यानंतर स्टाफरूममध्ये कुणी वाद घातला नाही.

वाद पेटला तो माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. “शाळा कुणाला घाबरली?” “आज घोडेस्वार गेला, उद्या चॅपलवरचा क्रूस काढायला लावतील.” ही दुसरी भीती मला हसण्यावारी नेता येत नाही. मिशनच्या शाळांकडे संशयाने बघणारे लोक आहेत आणि ख्रिस्ती घरांना त्याची धग लागते. मी स्वतः ख्रिस्ती नाही, त्यामुळे मी काही लिहिलं की “तुम्हाला काय कळणार” असं होतं. खरं तर शाळेचा बॅज, चॅपल, सकाळची प्रार्थना, सगळं आहे तसंच राहणार आहे. तलवारवाला तेवढा जातोय. पण हे त्यांच्या गळी कसं उतरवू? आणि त्याच्या जागी काय घ्यावं? मुलांना विचारलं तर सगळ्यांचा एकच गलका, बिबट्या!

वसईचा_कुपारी

टीचर, मी वसईचा, सामवेदी ख्रिस्ती. एक मुद्दा देतो, तो ग्रुपवर एखाद्या ख्रिस्ती माणसाकडूनच मांडून घ्या. १२०४ साली चौथ्या मोहिमेवर निघालेले हेच क्रूसवाले शिपाई जेरुसलेमला गेलेच नाहीत. त्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं. ते ऑर्थोडॉक्स पंथाच्या ख्रिस्ती लोकांचं शहर, लुटली तीही चर्चच. पोप जॉन पॉल दुसरे २००१ मध्ये अथेन्सला गेले तेव्हा ऑर्थोडॉक्स आर्चबिशपसमोर त्यांनी त्या लुटीचा उल्लेख केला आणि देवाकडे क्षमा मागितली. ज्याची पोपनी क्षमा मागितली ते आपल्या पोरांच्या छातीवर कशाला, एवढंच विचारा. धर्म सोडल्याचा आरोप त्यापुढे टिकत नाही.

दुसरं आमच्या गावचं. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला आणि इथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ हे साल आहे. माझी आजी नाशिकला गेली की मान वर करून ती घंटा बघायची, छातीवर क्रूसाची खूण करायची आणि भाजी घ्यायला पुढे निघायची. शाळेत वसईच्या विजयाचा धडा आम्ही इतर मुलांच्या मांडीला मांडी लावून वाचला. त्याआधी पोर्तुगिजांनी इथल्या लोकांचं आणि देवळांचं काय केलं, तेही आमच्या घरात कुणी झाकून ठेवलं नाही. आमच्या पॅरिशमध्ये मिस्सा मराठीतून होते. दोन्हीकडचं दुखणं आम्ही एकाच घरात सांभाळतो. म्हणून सांगतो, धर्माच्या नावाने लढलेला शिपाई या बाजूचा असो की त्या, आठवीतल्या पोराच्या जर्सीवर नको.

बॅच_८९

मीही अशाच एका शाळेचा, आमच्या टीमचं नावही हेच. मनापासून लिहितोय, राग मानू नका. भर पावसात, घोट्यापर्यंत चिखलात फुटबॉल खेळताना आम्ही ते नाव ओरडायचो तेव्हा जेरुसलेम कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आमचा गोलकीपर बोहरी होता, त्याचा आवाज सगळ्यात मोठा. आमच्या लेखी तो शिपाई म्हणजे तीन गोल खाल्ल्यावरही मैदान न सोडणारा गडी. त्याला काढलं की आमची ती वर्षंच कुणीतरी खोडतंय असं वाटतं, आणि हे वाटणं खोटं नाही. अमेरिकेत होली क्रॉस कॉलेजने २०१८ मध्ये नाव तेच ठेवलं, फक्त नाइटचं, म्हणजे चिलखतवाल्या सरदाराचं, चित्र काढून टाकलं. असा मधला मार्ग तुम्हाला का चालत नाही?

ठाणे_ते_इंडियाना

मी अमेरिकेत, इंडियानातल्या वालपरायझो युनिव्हर्सिटीपासून जवळच राहते. लुथरन या प्रोटेस्टंट पंथाच्या परंपरेतली युनिव्हर्सिटी आहे. तिने २०२१ च्या फेब्रुवारीत क्रुसेडर सोडला, तेव्हा इथेही परंपरेच्या नावाने पुष्कळ रडारड झाली. पण १९४२ पर्यंत त्यांच्या टीमचं नाव ‘उलान्स’ होतं, म्हणजे प्रशियाचे भालेवाले स्वार. महायुद्धात जर्मन नाव नको म्हणून ते काढून क्रुसेडर्स आणलं. ज्याला जुनी परंपरा म्हणत होते तीच मुळी एका बदलातून आलेली! क्रुसेडरची चित्रं द्वेष पसरवणाऱ्या गटांनी, कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेसकट, उचलली होती, हे कारण युनिव्हर्सिटीने आडपडदा न ठेवता सांगितलं. नवं नाव ‘बीकन्स’, म्हणजे वाट दाखवणारे दिवे. त्यांच्या लॅटिन बोधवाक्यात देवाच्या प्रकाशाबद्दलची स्तोत्रातली ओळ आहे, त्याच्याशी ते जुळतं.

“धर्म पातळ झाला” म्हणणाऱ्यांना व्हीटन कॉलेजचं उदाहरण द्या. प्रसिद्ध अमेरिकन धर्मप्रचारक बिली ग्रॅहम तिथले विद्यार्थी, आपल्या मोठमोठ्या सभांना ते ‘क्रुसेड’च म्हणायचे. त्या व्हीटनने २००० सालीच क्रुसेडर्स सोडून ‘थंडर’ घेतलं. तिथल्या लोकांच्या श्रद्धेवर कुणी बोट ठेवणार नाही.

टीचर, तुमच्या शाळेच्या बोधवाक्यात काय आहे? तिथूनच काही सापडेल.

पीटी_टीचर

सगळ्यांचे खूप आभार. वसईकर, २००१ चा मुद्दा मी फादरांना सांगितला. पत्र त्यांच्याच सहीने जाणार आहे आणि हा मुद्दा पहिल्या परिच्छेदात येणार आहे.

बॅच ८९ दादा, तुमच्या उत्तराने मला झोप लागली नाही. मधला मार्ग आम्हीही बोलून पाहिला. पण नाव ठेवलं तर सहावीतलं पोर विचारणारच, टीचर, क्रुसेडर म्हणजे कोण? मी त्याला खोटं सांगणार नाही, आणि खरं सांगितल्यावर तेच नाव ओरडायला कुठल्या तोंडाने लावू? तुमची वर्षं मात्र कुणी खोडणार नाही. ऑफिसबाहेरच्या काचेच्या कपाटातले कप, ढाली, टीमचे फोटो त्याच नावासकट तिथेच राहतील, हे मी मीटिंगमध्ये लिहून घेतलंय. तुमच्या शाळेतही अशी वेळ आली तर तेवढं आधी मागून घ्या. आणि त्या बोहरी मित्राला आज काय वाटतं, ते एकदा विचाराल का? खरंच जाणून घ्यायचंय.

इंडियानाच्या ताई, आमच्याही बोधवाक्यात प्रकाश आहे. मी मुलांना कुलाब्याच्या टोकाचं, १८७५ मध्ये बांधलेलं प्राँग्स दीपगृह सुचवलं. फोटो बघितले, पण मन बिबट्यावरच. आरेच्या पाड्यावरून येणारी आमची एक धावपटू आहे. तिने वर्गात सांगितलं की त्यांच्याकडे वाघोबाची, म्हणजे वाघ-बिबट्याच्या देवाची, पूजा होते, घरामागे पंजे उमटलेले दिसतात आणि अंधार पडला की लहान मुलांना एकटं सोडत नाहीत. वर्ग एकदम गप्प झाला. मग ती म्हणाली, तो आमच्या आधीपासून तिथे आहे. फादर म्हणाले, झालं, हाच घ्या. पण काढायचा तो चालताना, जबडा वासलेला नको.

आता प्रश्न जर्सींचा. पालकांवर पुन्हा खर्च पडायला नको.

धोबीतलाव_जर्सी

टीचर, आमचं खेळाच्या कपड्यांचं दुकान आहे. छापील जर्सी आहेत त्या विरेपर्यंत वापरू नका, मुलं दोन नावांत अडकतील. मॅचपुरत्या बिब्स, म्हणजे कपड्यांवरून चढवायची बिनबाह्यांची बनियनं, घ्या, स्वस्त पडतात आणि शाळेच्याच राहतात. ट्रॅकसूटवर भरतकामाचा बॅज असेल तर तो ब्लेडने नाही, उसवणीने पाठीमागून काढायला सांगा. नवा बॅज चारही बाजूंनी बोटभर मोठा करा, म्हणजे जुन्या शिलाईची भोकं आणि न विटलेला कपडा दोन्ही झाकलं जाईल. डिझाइन एप्रिलपर्यंत पक्कं करा, जूनमध्ये सगळ्या शाळा एकदम येतात आणि कारागीर मिळत नाहीत. आणि भिंत पावसाआधी रंगवू नका, ओल धरते. तोवर नुसता पांढरा हात मारून ठेवा, बिबट्या दिवाळीच्या सुट्टीत काढा.