बी.एस्सी. रसायनशास्त्र : तीन वर्षे की चार, आणि मायनर कोणता घ्यावा?

प्रश्न (यावल तालुका)

नमस्कार. आमची केळीची शेती आहे आणि हा प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीच्या प्रवेशाविषयी आहे. बारावी विज्ञान शाखेत तिने गणित आणि जीवशास्त्र असे दोन्ही विषय घेतले होते. आमच्या मळ्याचा माती परीक्षण अहवाल आला की सामू, क्षारता, उपलब्ध पालाश हे आकडे कसे काढतात, हे ती दहावीपासून विचारत आली आहे, त्यामुळे तिला रसायनशास्त्रच शिकायचे आहे आणि पुढे संशोधन करायचे आहे. एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा दिलेली असल्याने केमिकल इंजिनिअरिंगचा मार्गही मोकळा आहे, परंतु तिचा कल बी.एस्सी.कडे आहे. एस.टी.ने रोज जाऊन-येऊन करता येईल असे एक महाविद्यालय आम्ही पाहिले आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी चार वर्षांची झाली म्हणजे तिचे एक वर्ष वाया जाईल, असे वडिलांना वाटते. त्यांना काय सांगावे? मायनर, म्हणजे मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय, म्हणून वनस्पतिशास्त्र घ्यावे की गणित?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, धुळे)

आपल्या वडिलांची शंका रास्त आहे, पण वर्षांची बेरीज करून पाहिली तर ती दूर होईल. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडल्यास एम.एस्सी. दोन वर्षांची असते आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतल्यास एम.एस्सी. एका वर्षात पूर्ण करता येते. म्हणजे दोन्ही वाटांनी पाचच वर्षे लागतात. खरा प्रश्न, ते चौथे वर्ष कोणत्या प्रयोगशाळेत घालवायचे, हा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते, आणि चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के गुण असलेल्यांना पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेतही थेट भाग घेता येतो. संशोधनाची ओढ असलेल्या मुलीसाठी ही मोठी संधी आहे, मात्र त्यासाठी महाविद्यालयात मान्यताप्राप्त मार्गदर्शक आणि चालू स्थितीतील उपकरणे हवीत. आपण पाहिलेल्या महाविद्यालयात चौथे वर्ष सुरू आहे का, रसायनशास्त्र विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक किती आहेत आणि गेल्या वर्षी विद्यार्थ्यांनी कोणते प्रकल्प केले, हे विभागप्रमुखांना प्रत्यक्ष भेटून विचारा. उत्तरे समाधानकारक नसतील, तर तीन वर्षांनी पदवी घेऊन जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या विभागात दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला जाणे मला अधिक योग्य वाटते. हा निर्णय आज घ्यायचा नसून तिसऱ्या वर्षी घ्यायचा आहे. तोवर 75 टक्क्यांची अट तिने पहिल्या सत्रापासून सांभाळावी, कारण पहिल्या वर्षी गेलेले गुण पुढे भरून काढताना मुले फार थकतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

मायनरबाबत माझे मत स्पष्ट आहे : गणित घ्यावे. भौतिक रसायनातील गतिकी, ऊष्मागतिकी आणि पुंज रसायन गणिताशिवाय पाठांतराचे होऊन बसते, आणि आयआयटीत एम.एस्सी.साठी होणाऱ्या जॅम परीक्षेतील रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमात मूलभूत गणिती संकल्पनांचा स्वतंत्र भाग आहे. मातीची आवड जपायची असल्यास क्षेत्र प्रकल्पासाठी तिने आपल्याच मळ्याची माती घ्यावी.

उत्तर (माजी विद्यार्थिनी, जळगाव)

दादा, सरांशी मी सहमत आहे, फक्त केमिकल इंजिनिअरिंगचा विचार सोडण्यापूर्वी एक गोष्ट तपासून पाहा. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांतील इतर मागास प्रवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की, प्रवेश कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. विद्यापीठाच्या आवारातच रासायनिक तंत्रज्ञान संस्था आहे. तरीही रसायनशास्त्र आवडणाऱ्या मुलीला केमिकल इंजिनिअरिंग आवडेलच असे नाही, कारण तिथे रेणूंपेक्षा पंप, उष्णता विनिमय आणि प्रवाह यांचा अभ्यास जास्त असतो. शुल्कमाफी आहे एवढ्याच कारणासाठी तिला तिकडे वळवू नका.

राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असाल, तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत आजच तपासा. माझ्या वेळी वैधता प्रमाणपत्राअभावी एक फेरी हातची गेली होती आणि ते दिवस आठवले की अजूनही जीव कासावीस होतो. प्रवेशानंतर डिजीलॉकरमधून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे अभ्यासक्रमांतून मिळवलेले श्रेयांक जमा राहतात ते, खाते उघडायला तिला सांगा. पुढे महाविद्यालय बदलायचे ठरल्यास मिळवलेली क्रेडिट्स तिथूनच दाखवता येतात.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर, ताई, आपले मनापासून आभार. पाच वर्षांची बेरीज वडिलांना कागदावर मांडून दाखवली आणि ती त्यांना पटली. गणिताला बहीण लगेच तयार झाली. वनस्पतिशास्त्राचा आग्रह खरे तर माझाच होता, शेतीला उपयोग होईल म्हणून. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत याच वर्षी 31 मार्चला संपल्याचे आताच लक्षात आले, त्यामुळे उद्या तहसील कार्यालयात आणि सोमवारी, सरांनी सांगितलेले प्रश्न लिहून घेऊन, बहिणीसह विभागप्रमुखांकडे जाणार आहे.