मदत हवी आहे: संमेलनात प्रकाशकांना गाठायचं कसं?

रंकाळाकाठ: पुढच्या साहित्य संमेलनाला जायचंय. कादंबरी प्रकाशकांना दाखवायची आहे. आधी वेळ घ्यावी लागते की थेट स्टॉलवर गेलं तरी चालतं? पूर्ण प्रत न्यावी का? लवकर सांगा, रजा टाकायची आहे.

बिंदूचौक: कुठलं संमेलन? अखिल भारतीय का आपल्याकडचं एखादं ग्रामीण? आणि कादंबरी लिहून झालीय का?

शब्दवेडी: कविकट्ट्याला नाव द्या. मी तिथं कविता वाचलीय, खूप ओळखी होतात. फक्त कविता आधी पाठवून ठेवा.

बिंदूचौक: ताई, त्यांची कादंबरी आहे.

जुना_प्रूफवाला: स्टॉलवर जाऊन उपयोग नाही. तिथं विक्रीची पोरं असतात, बिलं करण्यातनं मान वर काढायला सवड नसते. तुमचा गठ्ठा खोक्यात जाणार. पत्र, पानभर सारांश आणि पहिली दोन-तीन प्रकरणं ईमेलनं पाठवा. मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कुठल्याही संगणकावर-मोबाइलवर सरळ दिसतो तो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधनं बदलताना जोडाक्षरं बिघडतात, सगळं परत वाचावं लागतं.

सांगली_नाका: अजिबात पटलं नाही. माझं पुस्तक संमेलनातल्या ओळखीतनंच आलं. नुसत्या ईमेलला महिनोन्‌महिने उत्तर येत नाही. परिसंवाद सुटला की संपादक मंडपाबाहेर भेटतात. विषय दोन वाक्यांत सांगा, पाठवू का विचारा. गठ्ठा मात्र नेऊ नका, एवढं प्रूफवाल्यांचं बरोबर.

करवीरकर: साताऱ्याच्या ९९ व्या संमेलनाचे अध्यक्ष विश्वास पाटील, आपल्या शाहूवाडी तालुक्यातल्या नेर्ल्याचे! आता संमेलन कोल्हापुरातच घ्या. १९३२ ला सयाजीराव गायकवाड अध्यक्ष होते, त्यानंतर आपल्याकडं झालंच नाही.

बिंदूचौक: झालंय की. १९९२ ला, रमेश मंत्री अध्यक्ष होते. आणि धागा कशाचा चाललाय, बघा जरा.

रंकाळाकाठ: अखिल भारतीयच. कादंबरी इचलकरंजीच्या यंत्रमागावरच्या बायकांवर आहे. सगळं वहीत लिहिलंय, शेवटची दोन प्रकरणं राहिलीत. दाखवली आणि कुणी ढापली तर? एकानं फोनवर छपाईचा खर्च लेखकानं द्यायचा असंही सांगितलं.

जुना_प्रूफवाला: वहीत? आणि अपुरी? बाई, हे पहिल्यांदा सांगायचं होतं. आधी शेवट लिहा. ढापण्याचं म्हणाल तर लिहिल्याक्षणी कॉपीराइट तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. पैसे मागणाऱ्याला प्रती किती, विकणार कोण आणि तुम्हाला रॉयल्टी किती, हे कागदावर मागा.

सांगली_नाका: शेवट लिहाच, पण रजाही टाका. विषय चांगला आहे, चार संपादकांच्या कानावर जाऊ दे.

रंकाळाकाठ: रजा टाकते. टायपिंग कोल्हापुरात कुणी करून देईल का?

शब्दवेडी: बाहेर कशाला देताय? मोबाइलमध्ये मराठी कीबोर्ड घ्या, माईक दाबून वाचत जा. विरामचिन्हं नंतर घाला. माझा अख्खा संग्रह असाच उतरवलाय.