मदत हवी आहे: आयसीयू स्टाफच्या मोबाईलचे स्वॅब, पुसल्यानंतर प्लेट्स कोऱ्या. खरं मानायचं का?

प्लेटवाली
नमस्कार मंडळी. आयसीयू आणि ओटीमधल्या ६० जणांचे मोबाईल पुसण्याआधी आणि पुसल्यानंतर तपासायचे आहेत. एथिक्स कमिटीची परवानगी आणि लेखी संमती झाली आहे. सध्या पायलट चालू आहे. स्टराइल सलाईनमध्ये भिजवलेला स्वॅब स्क्रीनवर फिरवून थेट ब्लड अगार आणि मॅकॉन्की या जंतू वाढवायच्या प्लेट्सवर लावते, ३७ अंशांवर २४ तास ठेवते. मग क्वाटच्या (क्वाटर्नरी अमोनियम जंतुनाशकाच्या) वाइपने फोन पुसून त्याच जागेवरून दुसरा स्वॅब.

आधीच्या प्लेट्सवर बहुतेक कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ, थोडे ऑरियस (स्टॅफचीच रोगकारक जात). नंतरच्या जवळजवळ सगळ्या कोऱ्या, एखाददुसरीवर बॅसिलस (बीजाणू करणारा जंतू). गाइड म्हणतात, "उत्तम रिझल्ट, लिहून टाक." मला पचत नाहीये. बॅसिलस कुठून येतोय? आणि स्टाफला फोन कशाने पुसायला सांगू? सध्या सगळे हॅण्डरबच चोळतात.

अगारकर
पचू नयेच, ताई. क्वाट अल्कोहोलसारखं उडून जात नाही. काचेवर राहतं, स्वॅबबरोबर प्लेटवर येतं आणि तिथली वाढ दाबतं. म्हणजे जंतू फोनवर जिवंत असू शकतात आणि तुमची प्लेट तरी कोरी. त्यात जागा एकच. पहिल्या स्वॅबनेच बरेचसे उचलून नेले, दुसरा कमी येणारच, मध्ये काही पुसलं नाही तरी.

जागेचं आधी. ५ × ५ सेंमीची खिडकी कापलेला साचा करा, ऑटोक्लेव्ह होईल असा. एक खिडकी स्क्रीनच्या वरच्या अर्ध्यात, एक खालच्या. 'आधी'चा स्वॅब कुठून घ्यायचा ते प्रत्येक फोनला नाणं उडवून ठरवा. कीबोर्ड खाली असतो, अंगठे तिथेच आपटतात. नेहमी खालूनच 'आधी' घेतलंत तर आकडा फुगेल. काही फोन नुसत्या सलाईनच्या कापडानेही पुसा, निव्वळ घासण्याने किती जातं ते कळेल.

स्वॅब थेट अगारवर लावून मोजणी होत नाही. तो १ मिली द्रवात ३० सेकंद व्होर्टेक्स करा (यंत्रावर जोरात घुसळा) आणि १०० मायक्रोलिटर ब्लड अगारवर पसरा. १८ कॉलनी (वाढलेल्या जंतूंचे ठिपके) आल्या तर स्वॅबवर १८०, भागिले २५ म्हणजे ७.२ सीएफयू (वाढू शकणारे जंतू) प्रति चौ. सेंमी. एकच कॉलनी आली तर ०.४. म्हणून कोऱ्या प्लेटपुढे शून्य लिहू नका, "०.४ पेक्षा कमी" लिहा.

क्वाट दाबतंय की नाही याचा पडताळा: ऑरियसच्या एटीसीसी २५९२३ या प्रमाण वाणाचं ०.५ मॅकफारलंड (ठराविक गढूळपणाचं) द्रावण हजारपट पातळ करा. त्यातले १० मायक्रोलिटर म्हणजे सुमारे १५०० सीएफयू. ते पुसल्यानंतरच्या स्वॅबच्या १ मिलीत टाका, तेवढेच साध्या सलाईनमध्ये. १० मिनिटांनी दोन्हींचे १०० मायक्रोलिटर लावा. सलाईनवर दीडशेच्या आसपास आणि दुसरीवर वीस-पंचवीस आले, तर चोर सापडला.

काचपट्टी
बॅसिलसचं कोडं नाही. बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, क्वाटनेही नाही. तरी न वापरलेला स्वॅब आणि उघडी ठेवलेली प्लेट लावून बघा, हवेतून येत असेल तर तिथेच दिसेल.

कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ हे माणसाच्या कातडीचे रहिवासी. त्यांना 'रोगजंतू सापडले' या रकान्यात कोंबून टक्केवारी वाढवू नका. ऑरियस, ग्रॅम निगेटिव्ह आणि बाकी असे तीन वेगळे रकाने ठेवा. एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा ऑरियस) ओळखायला म्युलर-हिंटन अगारवर सेफॉक्सिटिन ३० मायक्रोग्रॅम डिस्क, तिच्याभोवतीचं वाढ नसलेलं वर्तुळ २१ मिमी किंवा कमी म्हणजे रेझिस्टंट. हा आकडा ऑरियसचा आहे, बाकीच्या स्टॅफला सरसकट लावू नका.

आणि फक्त स्क्रीन का? कव्हर काढून बघा. सिलिकॉनची कड काचेला टेकते तिथे करड्या मळाची बारीक रेघ असते, मागे दहाची नोट नाहीतर देवाचा फोटो खोचलेला. कडेचा आणि मागचा स्वॅब वेगळा घ्या.

हातधुवा
हॅण्डरब फोनला नको. डब्ल्यूएचओच्या सूत्रात १.४५ टक्के ग्लिसरॉल असतं. हाताला बरं, पण काचेवर चिकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. ९९ टक्क्यांचं जास्त कडक म्हणून चांगलं, असं स्टोअरवाले सांगतील, ऐकू नका. प्रथिनं मोडायला पाणी लागतं, आणि नुसतं अल्कोहोल काम व्हायच्या आत उडून जातं. फोन बंद करून कव्हर काढा. कापड ओलं हवं, गळकं नको. फवारा थेट फोनवर मारू नका, चार्जिंगच्या खाचेत जातो. लेबलवर जेवढा वेळ दिलाय तेवढा पृष्ठभाग ओला दिसला पाहिजे, एक फटकारा मारून फोन खिशात टाकला तर उपयोग नाही. सिलिकॉनचं कव्हर साबणाने धुवा. हायपोक्लोराइट फोनजवळ आणू नका. यूव्ही पेटीत घालायचा तर कव्हर काढून, मळ पुसून. किरण सावलीत पोचत नाहीत.

पुसलेला फोन पहिल्या स्पर्शापर्यंतच स्वच्छ. मॉनिटरचं बटण दाबून त्याच ग्लोव्हने कॉल घेतला की झालं. त्यामुळे नियम असा लावा: फोनला हात लागला की पेशंटला शिवायच्या आधी २० ते ३० सेकंद हॅण्डरब, आणि ग्लोव्ह घालून फोन नाहीच.

प्लेटवाली
पडताळा केला. चोर तोच. आता न्यूट्रलायझर (क्वाटचा असर मोडणारं द्रव) काय घेऊ? तयार डे-एंगली ब्रॉथ आमच्या बजेटमध्ये नाही.

अगारकर
१०० मिली सलाईनला ट्वीन ८० तीन ग्रॅम, लेसिथिन ०.३ ग्रॅम. ट्वीन काकवीसारखं असतं, पिपेटला चिकटून राहतं, म्हणून वजनच करा. लेसिथिन आधी कोमट ट्वीनमध्ये घोटून मग सलाईन घाला, उलट केलंत तर गुठळ्या. मग ऑटोक्लेव्ह. 'आधी'चे स्वॅबही यातच घ्या, नाहीतर तुलना बाद. आणि तेच १५०० सीएफयू नुसत्या न्यूट्रलायझरमध्ये टाकून एक प्लेट लावा, न्यूट्रलायझर स्वतःच जंतू मारत नाही ना ते बघायला. पायलटचे आकडे मुख्य तक्त्यात मिसळू नका.